कमळाचं बी आणि पाचवा बिल्ला

कारखान्यात हत्यारांचं स्टोअर होतं. त्याची खिडकी दीड हात रुंद, आणि तिच्या कठड्यावर पत्र्याचा एक मग ठेवलेला असे. मगात पाणी, पाण्यात एक बी. कमळाचं. मी कामाला लागलो त्या दिवशी ते पाण्यात होतं आणि वर्ष उलटत आलं तरी तसंच होतं. काळं, गुळगुळीत, बोराच्या आठळीपेक्षा थोडं मोठं. दुपारी चहाची घंटा झाली की स्टोअरवाला मगातलं पाणी बाहेर ओतायचा, ताजं भरायचा आणि बी हळूच आत सोडायचा. त्या मगाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

येणारा जाणारा विचारायचा, "काय साईं, भिजला का दगड?"

"आज का दिन अच्छा है," तो म्हणायचा. पावसापाण्यात, उन्हातान्हात, उत्तर हेच.

आम्ही सगळे त्याला साईंच म्हणत असू. सिंधी माणूस. फाळणीत घरदार सोडून आला, कॅम्पातल्या बराकीत राहिला. त्या वेळची पिंपरी म्हणजे दोन-तीन कारखाने, सिंध्यांच्या बराकी आणि मधे सगळी ज्वारी-हरभऱ्याची रानं. मी निघोज्याचा. इंद्रायणी ओलांडून रोज सायकलीवर यायचो आणि जायचो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्याची मला लाज नाही. शिकलेल्यांनी घासलेलं लोखंड मी पाहिलंय. मी कानशीनं घासलेल्या तुकड्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला तर खालून उजेड जात नसे. आजही कुणाला खोटं वाटत असेल तर कानस आणून द्या, हात अजून आहेत.

स्टोअरची रीत अशी. प्रत्येक कामगाराला पाच पितळी बिल्ले, त्यावर त्याचा नंबर. कानस पाहिजे, एक बिल्ला द्यायचा. साईं तो कानशीच्या जागी खिळ्याला टांगायचा. कानस परत दिली की बिल्ला परत. हत्यार मोडलं तर बिल्ला अडकला. मात्र मालच मुळात खराब असेल, तर साईं मोडकं हत्यार उजेडाला धरून बघायचा आणि बिल्ला काढून द्यायचा. "तेरा कसूर नहीं. माल खराब." हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला माणसं तरसायची, कारण ते तो क्वचित बोलायचा.

परत आलेली प्रत्येक कानस तो आधी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर ओढून बघे. त्यामुळं त्याचं ते नख कायम सपाट. वैशाखातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, कानावर पेन्सिल, आणि ओठावर एकच गोष्ट: "पहले बिल्ला, फिर बात."

एकदा मोठे साहेब स्वतः खिडकीशी आले. घाईत होते. म्हणाले, मोजपट्टी द्या. साईंनं हात पुढं केला.

"बिल्ला?"

"अहो, मी मॅनेजर आहे."

"हां साहब. बिल्ला?"

साहेबांकडं बिल्ला कुठला असणार. साईंनं इकडं तिकडं बघितलं आणि त्यांच्या डोक्यावरच्या हॅटकडं बोट केलं. दुपारपर्यंत साहेबांची हॅट मोजपट्टीच्या खिळ्याला टांगलेली होती. आम्ही काही ना काही निमित्त काढून ती बघायला जात होतो. साहेब मोजपट्टी परत करून हॅट घेऊन गेले, तेव्हा साईं म्हणाला, "अच्छा आदमी है. माल वापस करता है."

असा माणूस. आता बियांचं सांगतो.

त्याच्या गावाबाहेर मोठं तळं होतं म्हणे, कमळांनी भरलेलं. तिकडं कमळाचा देठ खातात, चिखलातला, भोकाभोकाचा. त्याला ते बीह म्हणतात. गाव सोडायची वेळ आली तेव्हा लोकांनी सोनं बांधलं, भांडी बांधली. यानं तळ्याकाठी जाऊन मूठभर बी आणलं. त्याची बायको मला पुढं ओळखीची झाली, तिनं एकदा सांगितलं, "घर की चाबी भूल गया. ये पत्थर नहीं भूला."

त्यातलं एकेक बी तो दरवर्षी पाण्यात घालायचा. वर्षभर वाट बघायची, मग ते काढून फेकून द्यायचं आणि दुसरं घालायचं. आठ वर्षं. मूठ संपत आली, मगात एक आणि घरी चार एवढी राहिली होती. तरी आज का दिन अच्छा है.

मला ते बघवेना. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो मी. एक दिवस कानस घेताना म्हणालो, "साईं, हे आणखी शंभर वर्षं भिजवलं तरी फुगायचं न्हाई. आत पाणी जायला वाट कुठं हाय? आमच्याकडं बाभळीचं बी शेळीच्या पोटातनं आल्याबिगर नीट उगवत न्हाई. कवच झिजावं लागतंय."

"तो मैं कमल बकरी को खिलाऊं?"

"शेळी कशाला? कानस हाय की. एका अंगानं कवच घासायचं, आतला पांढरा थर दिसला की थांबायचं. लोखंड घासणाऱ्याला हे काय अवघड."

मागं रांगेत हसू लागले. साईं हसला नाही. त्यानं मगात दोन बोटं घातली, बी काढलं, कोटाच्या बाहीला पुसलं. मग तळहात पुढं केला.

"बिल्ला."

मी बिल्ला दिला. त्यानं तो मगाच्या शेजारच्या रिकाम्या खिळ्याला टांगला आणि बी माझ्या हातावर ठेवलं. "पुट, ध्यान से," म्हणाला. पुट म्हणजे पोरा.

इथं माझी चूक झाली. आज लिहायला सोपं आहे, तेव्हा बोलायला नव्हतं. मी ते बी बोटात धरायला पाहिजे होतं. मी ते व्हाइसच्या जबड्यात, चामड्याचा तुकडा घालून आवळलं. हातात होती ती लोखंडाचीच खरखरीत कानस, तेल आणि कीस लागलेली. भोवती चौघं बघत उभे. मग काय, मी दाखवायला गेलो. ते कवच शिंगासारखं कडक. पाच-सहा हात मारले, काही होईना. सातवा हात अंगाचा भार टाकून मारला. कवच एकदम गेलं आणि कानस थेट आत घुसली.

बी मधोमध उघडं पडलं होतं. आत पांढरा गर, आणि गराच्या मधे नखाएवढा हिरवा कोंब दुमडून झोपलेला. कोवळ्या हरभऱ्याच्या पानासारखा हिरवा. त्यावर माझ्या कानशीचा काळा ओरखडा.

पाच-सहा हातांत काही होईना तेव्हाच बघणारे कंटाळून पांगले होते. आतलं फक्त मला दिसलं. मी ते मुठीत घेऊन खिडकीपाशी गेलो, कुणाला न दाखवता ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि बोललो, "पोकळ निघालं साईं. आत काय न्हाई."

का बोललो? माझ्या हातानं काम बिघडलं असं मी त्याआधी कधी म्हटलेलं नव्हतं. तोंडाला ती सवयच नव्हती.

साईंनं खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तेरा कसूर नहीं. माल खराब."

दुसऱ्या दिवशी पाण्याचा मग कठड्यावर नव्हता. त्या जागी गोल डाग तेवढा राहिला होता. सवयीनं एकानं विचारलं, "साईं, दगड कुठं गेला?" साईंनं त्याला कानस दिली, बिल्ला घेतला आणि पुढच्याकडं बघितलं. आज का दिन अच्छा है म्हणाला नाही.

त्यानंतरचे आठ दिवस माझ्या हाताला काय झालं कळेना. घासलेल्या तुकड्याखालून उजेड जाऊ लागला. फोरमन म्हणाला, "काय रे, लग्नबिग्न ठरलं का?" मी म्हटलं, कानस बोथट आहे. तेही खोटंच.

पाडव्याच्या दोन दिवस आधी मी खिडकीशी गेलो तेव्हा साईं आपणहून बोलला. म्हणाला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा चेटीचंड, नवं वर्ष. कॅम्पातले सगळे ताटात कणकेचा दिवा, फळं, खडीसाखर घेऊन नाचत-गात पवनेवर जातात, त्याला बहराणा म्हणतात. सगळं नदीला अर्पण करायचं. "चार बचे हैं. वो भी दे दूंगा. पानी का माल, पानी को वापस."

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. मागं पाच माणसं उभी होती. मी कानस घेतली आणि निघून आलो.

पाडव्याला घरी गुढी उभारली. पुरणपोळी केली होती. आई म्हणाली, "का रं, जेवत का न्हाईस?" मी म्हटलं, पोट बिघडलंय. तोंडातून आता नुसती खोटीच निघत होती. दुसऱ्या दिवशीही सुट्टी होती. ऊन उतरायला लागलं आणि मी सायकल काढली. कुठं चाललो हे आईला सांगितलं नाही. मला तरी कुठं नक्की ठाऊक होतं. इंद्रायणीचा पूल ओलांडेपर्यंत तीनदा मागं फिरावंसं वाटलं.

पवनेच्या काठावर गर्दी होती. ढोल, शहनाई, बायकांच्या ओढण्या, ताटातले दिवे. साईं पाण्याच्या कडेला दगडावर उभा होता, तोच कोट, तेवढी कानावर पेन्सिल नव्हती. शेजारी एक ठेंगणी म्हातारी बाई, त्याची बायको. तिच्या हातात कापडाची गाठ. ती गाठ सोडत होती.

मी सायकल आडवी टाकली आणि गर्दीतून वाट काढत गेलो. "साईं, थांबा."

त्यानं वळून बघितलं.

"ते बी पोकळ नव्हतं," मी म्हणालो. ढोलाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. परत म्हणालो, या वेळी मोठ्यानं. "पोकळ नव्हतं. आत हिरवा कोंब होता. मी खोल घासलं. माझा हात चुकला."

हे शब्द बोलताना मला वाटलं होतं तो आता सगळ्यांसमोर काहीतरी बोलेल. काय बोलेल याची तयारी मी वाटेत केली होती. त्यानं एवढंच विचारलं, "हरा था?"

"व्हय."

"कितना हरा?"

"कोवळ्या हरभऱ्यासारखा."

"तूने देखा? अपनी आंख से?"

"देखा. म्हणून तर आलो."

तो बायकोकडं वळला आणि भरभर सिंधीत काही सांगू लागला. मला एकही शब्द कळला नाही, पण हात चालले होते ते कळलं. त्यानं करंगळीचं नख दाखवलं, मग दोन बोटं दुमडून कोंब कसा झोपला होता ते दाखवलं. जसा काही त्यानंच बघितला होता. बाई ऐकता ऐकता तिथंच दगडावर बसली. गाठ छातीशी धरली. आधी मला वाटलं रडते. मग बघितलं तर हसत होती.

"आठ बरस मैं बोलती रही, मर गया, सब मर गया," ती मला म्हणाली. "तूने एक मारा, तब पता चला जिंदा है."

छातीवरचं जातं उतरावं तसं झालं मला. मी त्याला खराब मालाची गोष्ट सांगून आठ दिवस मारत होतो, आणि त्याला माझी चूक पाहिजे होती. माझी चूक म्हणजे त्याचं बी चांगलं. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही कुणास ठाऊक. चौथीच्या पुढं शिकलो असतो तर कदाचित आलं असतं.

तेवढ्यात साईंचा तळहात माझ्यासमोर आला.

"बिल्ला."

नदीकाठी, सणाच्या दिवशी, ढोल वाजत असताना. माझे बिल्ले सायकलीच्या किल्लीच्याच कडीत असायचे. मी एक काढून दिला. त्यानं तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, वरून थोपटला.

"अब कसूर तेरा," म्हणाला. आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला.

चार बिया त्याच आठवड्यात घासल्या, त्यांच्या बराकीच्या दारात बसून. साईंनं स्टोअरमधून बारीक दातांची नवी कानस रीतसर स्वतःच्या नावावर घेतली. रिठ्याच्या पाण्यानं धुतली, राखेनं घासली, वाळवली. तेलाचा वाससुद्धा राहू दिला नाही. मी बी बोटात धरलं. तीन हात मारायचे आणि बघायचं, तीन हात मारायचे आणि बघायचं. बाई उकिडवी बसून माझ्या हातावर झुकलेली. काळ्याखाली तपकिरी दिसलं, तपकिरीखाली दुधाळ पांढरी रेघ दिसली, की ती ओरडायची, "बस, बस, बस!" लोखंड घासताना मला कुणी बस म्हटलेलं मी ऐकून घेतलं नसतं.

कोमट पाण्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी बिया फुगून दुप्पट. पाण्याला वास यायचा, दिवसातून दोनदा बदलायचं. पाचव्या दिवशी तीन बियांनी तोंड उघडलं आणि हिरवी आकडी बाहेर आली. चौथी कुजली. तीनातली एक कावळ्यानं उचलली आणि एक उन्हात शिजली, बाई दुपारी सावली करायला विसरली म्हणून साईं तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. एक राहिली. तिची पानं आधी पैशाएवढी, पाण्यावर तरंगणारी.

ती लावायला चिकण माती पाहिजे होती, खत नसलेली. आमच्या निघोज्याच्या नदीकाठच्या मळईसारखी माती कुठं नाही, हे मी साईंला सांगितलं आणि सायकलीच्या मागं पोतं बांधून आणली. पोतं दारात उतरवलं आणि मी हात पुढं केला.

"बिल्ला."

साईं बघतच राहिला. मग कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातावर ठेवली. ती मी त्याला परत केली नाही. अजून आहे.

तेलाचं अर्धं कापलेलं पिंप, तळाशी माती, वर पाणी. पिंप बराकीच्या दारात, दिवसभर ऊन. शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाली, डास होतात म्हणून. हिवतापाची फवारणी करणारे आले तेव्हा एकजण त्यांना थेट पिंपापाशीच घेऊन आला. त्यांच्यातला मुकादम वाकून बघतो तर पवनेतून आणलेले बोटभर मासे आत फिरताहेत, अळी औषधालाही नाही. मुकादम म्हणाला, "हे राहू द्या." आणि त्यानंतर तक्रार करणाऱ्याच्याच रांजणात अळ्या सापडल्या. साईंनं त्यालाही चार मासे दिले. बिल्ला म्हणून त्याची टोपी ठेवून घेतली.

त्या वर्षी नुसती पानं आली. पुढची पानं पाण्याच्या वर उभी राहिली, ताटाएवढी. थंडीत सगळं करपून गेलं, बाई परत म्हणायला लागली, मर गया. साईं म्हणाला, "इस बार पूछ के बोल," आणि माझ्याकडं बोट केलं. मी पिंपात कोपरापर्यंत हात घालून चिखल चाचपला. देठ कडक लागला, बोटाएवढा जाड. "हाय," मी म्हणालो. "जित्तं हाय."

एवढे दिवस मी चारच बिल्ल्यांवर काम केलं. एका वेळी पाच हत्यारं लागायची तिथं चारात भागवायचं म्हणजे दोनदा खिडकीशी जायचं. फोरमननं एकदा विचारलं, "पाचवा कुठं हरवलास?"

"हरवला न्हाई," मी म्हणालो. "जमा हाय."

दुसऱ्या वैशाखात एक दिवस साईं कामावर उशिरा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खिडकी उघडी नाही म्हणून रांग खोळंबलेली. आला तो सरळ माझ्यापाशी. "कल सुबह घर आ. काम पे आने के पहले. दोपहर को बंद हो जाता है." आणि खिडकी उघडायला गेला.

सकाळी दिवस उगवता उगवता मी पोचलो. बराकीतली निम्मी माणसं आधीच दारात उभी होती. पानांच्या वर दोन हात दांडा, त्यावर फूल. कडेला गुलाबी, आत आत पांढरं होत गेलेलं, मधे पिवळं. कुणीतरी ते देवाला वाहायला मागत होतं, बाई लाटणं घेऊन उभी होती, हात लावू देत नव्हती. साईं माझ्या शेजारी येऊन थांबला. कोटाचं गळ्याचं बटण उघडं होतं. ते मी पहिल्यांदाच बघितलं.

"हमारे तालाब का रंग है," तो म्हणाला.

मला वाटलं, आता बिल्ला देईल. नाही दिला. मीही मागितला नाही. माझाही काही हट्ट आहे.

चौथ्या दिवशी पाकळ्या गळाल्या. मधली हिरवी शेंग राहिली, झारीच्या तोंडासारखी, भोकाभोकांची. आषाढ लागेपर्यंत ती तपकिरी झाली, मान खाली घातली. एक दिवस कठड्यावर ती शेंगच ठेवलेली दिसली. पुन्हा रांग, पुन्हा सगळ्यांची मान पुढं. साईंनं ती हलवली. आत खुळखुळ वाजलं. मग त्यानं तळहातावर ती झटकली आणि काळं, गुळगुळीत एक बी काढून माझ्यासमोर कठड्यावर ठेवलं.

"जमा कर."

मला आधी कळेना. मग कळलं. मी ते बी उचललं, नीट बघितलं, उजेडाला धरून बघितलं, तो बघायचा तसं. अंगठ्याच्या नखावर ओढलं. आणि त्याच्या बाजूला सरकवून परत ठेवलं.

साईंनं कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. बिल्ला काळपटला होता. त्यानं तो बाहीला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

"माल वापस," तो म्हणाला. "बिल्ला वापस." आणि मागच्याकडं बघून, "चल, आगे. पहले बिल्ला, फिर बात."

मी बिल्ला कडीत घातला. कामाच्या जागेकडं जायचा रस्ता सरळ होता, पंचवीस पावलं. त्या दिवशी मी मुद्दाम सगळ्या कारखान्याला वळसा घालून गेलो. खिशात पाच बिल्ले वाजत होते.